‘देव आहे तर वाईट का?’ या प्रश्नाची उत्तरं कशी ताडून पाहावीत

आधी कागदावर तीन विधानं लिहा: ईश्वर सर्वशक्तिमान आहे, तो पूर्ण चांगला आहे, जगात वाईट आहे. तिन्ही एकदम खरी मानणं जड जातं. मग हातातल्या परंपरेने यातलं नेमकं कुठलं सैल केलंय ते शोधा. जरथुष्ट्री परंपरा पहिल्याला हात घालते. तिथे ईश्वरासमोर अंग्र मैन्यू ही दुष्ट शक्ती विरोधक म्हणून उभी आहे. ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन तिसऱ्याला: वाईट ही वस्तूच नाही, चांगल्याचा अभाव आहे. बौद्ध आणि जैन मतांत जगाचा निर्माता ईश्वरच नाही, तेव्हा हा साचा तिथे बसवू नका. बहुतेक घोळ इथेच होतो.

वेदान्तापाशी जरा रेंगाळा. त्याचा मूळ सूत्रग्रंथ ब्रह्मसूत्र (२.१.३४) म्हणतो, ईश्वरावर पक्षपाताचा किंवा निर्दयतेचा दोष येत नाही, कारण तो जीवांच्या कर्माप्रमाणे सृष्टी घडवतो. इथे लगेच अडवा: मग सृष्टीआधी कर्म आलं कुठून? पुढचंच सूत्र हा आक्षेप स्वतः मांडतं आणि सांगतं, संसार अनादि आहे. ‘पहिलं’ कर्म असं नाहीच. म्हणून ही दोन्ही सूत्रं जोडीनेच वाचा. एकटं ३४ वाचलं, तर उत्तर म्हणजे निव्वळ पळवाट वाटते.