लंडनला येताय? पास शेवटी घ्या, आधी वहीत दिवस मांडा

गेल्या मे महिन्यात नाशिकची आत्या आणि काका आमच्याकडे लंडनच्या वेम्बली भागात नऊ दिवस राहायला आले. बॅगा ठेवून चहा होतो न होतो तोच काकांनी पिशवीतून एक प्लास्टिकचं पाकीट काढलं. आत दोघांचे तीन-तीन दिवसांचे 'प्रेक्षणीय स्थळांचे' पास, तिकडेच एका एजंटाकडून घेतलेले. "सगळं लंडन यात आहे म्हणाला," काका म्हणाले. मी आत्याला विचारलं, तुला काय काय बघायचंय? तिने बोटांवर मोजलं: ब्रिटिश म्युझियम, टिपू सुलतानचा लाकडी वाघ, कोहिनूर, बाबासाहेबांचं घर आणि एकदा उंचावरून सगळं शहर. या पाचांत तिकीट लागतं ते एकाच ठिकाणी, कोहिनूरला.

पैसे तर भरून झाले होते. वर तो पास तारखेवर चालणारा होता, चोवीस तासांवर नव्हे. पहिल्या दिवशी दुपारी तीनला वापरला, तरी अख्खा दिवस संपला. तीन दिवसांत तिकिटाच्या दोनच जागा पाहून झाल्या. आत्याला त्याची फार रुखरुख लागली आणि मलाही, कारण मी आधी फोन करून सांगायला हवं होतं. म्हणून आता येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगते.

एक वही घ्या. रोजची एक ओळ: सकाळी कुठे, दुपारी कुठे, घरी परत किती वाजता. प्रत्येक ठिकाणापुढे तिकिटाचा आकडा लिहा, फुकट असेल तिथे शून्य. लंडनमध्ये ही शून्यं खूप येतात. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न, सायन्स म्युझियम, नॅचरल हिस्ट्री म्युझियम यांच्या कायमच्या दालनांना तिकीट नाही. टिपूचा वाघ आहे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, तेही फुकट, आणि शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं. उंचावरून शहर बघायला स्काय गार्डन आहे, फुकटच, पण वेळ ऑनलाइन आधी बुक करावी लागते आणि चांगल्या वेळा पटकन भरतात. वेस्टमिन्स्टर ॲबी बघायला तिकीट आहे, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला कुणीही विनातिकीट जाऊन बसू शकतं. मात्र तिथे प्रार्थनेसाठीच बसायचं, हिंडायचं किंवा फोटो काढायचे नाहीत. सेंट पॉल्स कॅथीड्रललाही तसंच.

आता वहीतले तिकिटाचे आकडे बेरीज करा आणि मग पासच्या किमतीशी ताडून बघा. दिवसाला तीन महागड्या जागा करणार असाल तरच पास परवडतो. सोबत सत्तरीची माणसं असतील, तर दिवसाला तीन जागा होतच नाहीत. एकट्या टॉवर ऑफ लंडनलाच अर्धा दिवस जातो. कोहिनूर तिथे दिवंगत राणी एलिझाबेथ दुसरीच्या आईच्या मुकुटात आहे. लंडन आय, मादाम तुसाँ आणि मत्स्यालय एकाच कंपनीचं आहे. यातली दोन-तीन करायची असतील तर त्यांचं एकत्र तिकीट ऑनलाइन घ्या, दारात घेतलेलं महाग पडतं.

प्रवासाचा हिशोब वेगळा. इथले आकडे मार्च २०२५ मध्ये लागू झालेल्या दरांचे आहेत. दर बहुधा मार्चमध्ये बदलतात, तेव्हा निघण्याआधी ट्रान्सपोर्ट फॉर लंडन या शहर वाहतूक संस्थेच्या संकेतस्थळावर एकदा पडताळा.

इथे पास न घेताही पासचं काम आपोआप होतं. ऑयस्टर कार्ड (पैसे भरून ठेवायचं इथलं प्रवासाचं कार्ड) किंवा टॅप करता येणारं, म्हणजे नुसतं टेकवून चालणारं, बँकेचं कार्ड गेटवर लावत राहायचं. दिवसाचं भाडं एका मर्यादेपर्यंत पोचलं की पुढचे प्रवास फुकट. भाड्यासाठी लंडनचे झोन पाडलेत: मध्य लंडन झोन १, बाहेर जाल तसा आकडा वाढतो. झोन १-२ मध्ये ही मर्यादा ८.९० पौंड, आमच्या वेम्बली पार्कहून, म्हणजे झोन ४ मधून, १२.८० पौंड. आणि आत्या-काकांसारखं सकाळी एकदा जाऊन संध्याकाळी एकदा परत यायचं असेल, तर तेवढेही होत नाहीत. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सात भाडं जास्त असतं. म्हणून आम्ही रोज नाश्ता करून, साडेनऊ वाजून गेल्यावरच स्टेशनात शिरायचो.

बँकेचं कार्ड व्हिसा, मास्टरकार्ड किंवा अमेरिकन एक्सप्रेस हवं. परदेशी व्यवहार आणि टॅप, दोन्ही निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये सुरू करून घ्या, आणि परदेशी व्यवहारावर बँक किती टक्के लावते तेही विचारा. तो टक्का मोठा असेल तर ऑयस्टर बरं. मात्र ऑयस्टर कार्डाची स्वतःची किंमत परत मिळत नाही.

एका माणसाला एक कार्ड, आणि दिवसभर तेच. हे मी दोनदा सांगितलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी बेकर स्ट्रीटला गोंधळ झालाच. आत्याने वेम्बलीला कार्ड लावून प्रवेश केला आणि उतरताना फोन लावला. फोनमध्ये तेच कार्ड होतं, म्हणून तिला वाटलं एकच. पण यंत्रणेला फोन वेगळा आणि प्लास्टिक वेगळं. दोन अर्धवट प्रवास धरले गेले आणि दोन्हींवर सर्वात जास्त भाडं लागलं. ते पैसे नंतर ऑनलाइन मागून परत मिळाले, पण संध्याकाळचा तास त्यात गेला. तेव्हापासून आत्याचं कार्ड पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात एकटंच राहायला लागलं. ट्यूबला, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेला, आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्हीकडे टॅप, बसला फक्त चढताना. डीएलआर आणि ओव्हरग्राउंड या शहरातल्या दुसऱ्या रेल्वे. त्यांच्या काही स्टेशनांवर गेटच नसतं, तिथे खांबावरचा पिवळा रीडर शोधून टॅप करायचा.

आठवड्याचीही मर्यादा असते, पण ती सोमवार ते रविवार मोजली जाते, आणि गुरुवारी येणाऱ्याचं इथेच नुकसान होतं. समजा, झोन ४ मधून रोज मर्यादा गाठण्याइतकं फिरणार आहात. गुरुवार ते रविवार चार दिवसांचे ५१.२० आणि सोमवार ते बुधवार तीन दिवसांचे ३८.४०, मिळून ८९.६० पौंड. त्याऐवजी ऑयस्टरवर सात दिवसांचं ट्रॅव्हलकार्ड, म्हणजे ठरलेल्या झोनांत कितीही फिरायचा पास, टाकलं, तर ते कोणत्याही वारी सुरू होतं आणि ६४.२० पौंडांत भागतं. रोज भरपूर फिरणाऱ्या आठवड्याच्या पाहुण्यासाठी मला पटलेला पास हा एवढाच.

बसचं भाडं १.७५ पौंड. पहिल्या टॅपपासून तासाभरात कितीही बस बदला, दुसऱ्यांदा पैसे नाहीत, आणि दिवसभर फक्त बसनेच फिरलात तर ५.२५ च्या वर जात नाही. बसमध्ये रोख चालत नाही. पर्यटकांच्या उघड्या बसचं तिकीट काढण्याआधी १५ नंबरच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडा: ट्रफाल्गर स्क्वेअर, फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल्स करत ती थेट टॉवरपाशी नेते. थेम्समधली बोट मात्र या मर्यादेत मोजली जात नाही. तिथे टॅप चालतं, पण पैसे वेगळे कापले जातात.

काकांना एसटीत ज्येष्ठांच्या अर्ध्या तिकिटाची सवय, आत्यालाही २०२३ पासून महिलांची सवलत. इथे साठीपुढची प्रवास सवलत फक्त लंडनच्या रहिवाशांना आहे, पाहुण्यांना नाही. तिकिटाच्या जागी मात्र ६५ वर्षांपुढच्यांना बऱ्याचदा सूट असते, तेव्हा वयाचा पुरावा जवळ ठेवा. नातवंडं असतील तर चांगली बातमी: अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर ट्यूबमध्ये आणि बसमध्ये फुकट. अकरा ते पंधराच्या मुलांसाठी ऑयस्टर घेऊन स्टेशनवरच्या माणसाला 'यंग व्हिजिटर' सवलत लावायला सांगा, चौदा दिवसांपर्यंत अर्धं भाडं लागतं.

विमानतळावरून येताना हीथ्रोला घाई करू नका. ट्यूबच्या पिकॅडिली लाइनने मध्य लंडन ५.८० पौंडांत होतं. एलिझाबेथ लाइन लवकर पोचवते, पण दुपटीहून जास्त घेते. जिना चढवायचं सामान असेल तर तिचे पैसे मी आनंदाने देते.

बाबासाहेबांचं घर आम्ही शेवटच्या आदल्या दिवशी केलं. नॉर्दर्न लाइनने चॉक फार्म, झोन २, तिथून पायी १०, किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना १९२१-२२ मध्ये ते इथे राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने हे घर घेतलं आणि आता ते स्मारक आहे. प्रवेश फुकट. उघडण्याच्या वेळा आदल्या दिवशी बघून घ्या. आत्या आत तासभर थांबली, आणि त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दुसरीकडे कुठेच गेलो नाही.