अर्थपत्रकारितेची उन्हाळी इंटर्नशिप आणि शिष्यवृत्ती : या चुका टाळा

एप्रिल उजाडला की आमच्या पेपरच्या अर्थ डेस्कवर तीन-चार नवी मुलं येतात. कुणी मास मीडियाचं, कुणी बीकॉमचं, एखादी अर्थशास्त्रात एमए करणारी. आठ आठवडे राहतात. मुंबईत अर्थवार्तांकन शिकायला याहून चांगला काळ नाही, कारण कंपन्यांचे मार्च तिमाहीचे (जानेवारी ते मार्च) आणि अख्ख्या वर्षाचे नफा-तोट्याचे निकाल याच दिवसांत येतात. सेबीच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाच्या, नियमानुसार बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपन्यांना वर्षाचे लेखापरीक्षित निकाल ३० मेपर्यंत जाहीर करावे लागतात. बऱ्याच कंपन्या शेवटच्या आठवड्यासाठी थांबतात आणि मग एकाच संध्याकाळी शेकडो निकाल येऊन आदळतात. त्या गर्दीत जो शिकतो, तो आयुष्यभराचं शिकतो.

पण अकरा वर्षं या मुलांना सांभाळल्यावर एक गोष्ट मला नक्की कळली आहे. चुका दरवर्षी त्याच होतात. मुलं हुशार असतात, त्यांना फक्त घाई असते. म्हणून यंदा अर्ज करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

कोपऱ्यातली बारीक ओळ न वाचणं

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक आहे, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर बोलते.

कंपनी शेअर बाजाराला जो निकाल कळवते, त्यातल्या तक्त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक ओळ असते : रुपये लाखांत, रुपये कोटींत किंवा रुपये मिलियनमध्ये. कोणती कंपनी काय वापरेल याचा नेम नाही. एकाच संध्याकाळी तुमच्या हातात लाखांतला, कोटींतला आणि मिलियनमधला असे तिन्ही निकाल येतात.

चार-पाच वर्षांपूर्वीची मे महिन्यातली संध्याकाळ. एका मध्यम आकाराच्या रसायन कंपनीचा निकाल आला. आमच्या इंटर्नने तक्त्यात निव्वळ नफ्याच्या ओळीत १,२६४ हा आकडा पाहिला आणि बातमी लिहिली : ‘नफा १,२६४ कोटींवर’. कोपऱ्यात ‘रुपये लाखांत’ असं स्पष्ट होतं. खरा नफा १२ कोटी ६४ लाख. आकडा थेट शंभर पटींनी चुकला. मी दुसऱ्या कंपनीच्या निकालात अडकले होते, पाळीवरच्या उपसंपादकाने विश्वासाने बातमी वेबसाइटवर सोडली. चाळीस मिनिटांनी कंपनी सेक्रेटरीचा फोन आला. बातमी दुरुस्त केली, खाली दुरुस्तीची नोंद टाकली.

तेवढ्यावर भागलं नाही. मधल्या चाळीस मिनिटांत कुणीतरी बातमीचा स्क्रीनशॉट काढून शेअरवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी सांगलीहून एका निवृत्त गृहस्थांचा फोन आला. तो स्क्रीनशॉट पाहून त्यांनी सकाळी बाजार उघडताच तो शेअर घेतला होता. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “ताई, तुमच्या पेपरचं नाव होतं म्हणून विश्वास ठेवला.” तो आवाज मला अजून आठवतो. आमचा तो इंटर्न मुलगाही तिथेच उभा होता, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी त्याला विचारलं, “त्या कंपनीचं बाजारमूल्य किती आहे, पाहिलं होतंस?” ते नऊशे कोटींच्या आसपास होतं. जी कंपनी बाजारात नऊशे कोटींना मिळते, ती एका तिमाहीत साडेबाराशे कोटी कमावेल कशी? एवढा एक प्रश्न स्वतःला विचारायला अर्धं मिनिट लागतं.

माझी सवय अशी : निकाल छापून घ्यायचा, कागदावरच. लाल पेनाने आधी कोपऱ्यातली ती ओळ गोल करायची आणि मगच आकड्यांकडे बघायचं. मॉनिटरला एक चिठ्ठी कायम चिकटवलेली असते. १ मिलियन म्हणजे १० लाख, १ कोटी म्हणजे १० मिलियन, १ बिलियन म्हणजे १०० कोटी, १ ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. इतक्या वर्षांनंतरही मी त्या चिठ्ठीकडे बघते. नव्या मुलांना हे जुनाट वाटतं. वाटू दे.

शेजारचा रकाना

याच तक्त्यातली दुसरी चूक. पहिल्या रकान्यात मार्च तिमाही असते, तिच्या लगेच शेजारी डिसेंबर तिमाही आणि त्यानंतर मागच्या वर्षीची मार्च तिमाही. घाईत मुलं शेजारचा आकडा उचलतात आणि ‘गेल्या वर्षीच्या तुलनेत’ असं लिहून मोकळी होतात. एसी किंवा शीतपेय विकणाऱ्या कंपनीची डिसेंबरशी तुलना केली तर काहीही दिसेल. वार्षिक तुलना करायची तर तिसरा रकाना.

तक्त्याखालच्या टिपाही वाचा. मार्च तिमाहीचे आकडे बहुतेक वेळा संपूर्ण वर्षाच्या आकड्यांतून पहिल्या नऊ महिन्यांचे वजा करून काढलेले असतात आणि टिपेत तसं लिहिलेलं असतं. नफा अचानक दुप्पट झाला असेल तर ‘इतर उत्पन्न’ आणि ‘अपवादात्मक बाबी’ या दोन ओळी आधी बघा. कित्येकदा कंपनीने जमीन विकलेली असते आणि धंदा आहे तिथेच असतो.

एकल (फक्त त्या कंपनीचे) आणि एकत्रित (उपकंपन्यांसह) निकालांत गल्लत करू नका. उपकंपन्या असतील तर आम्ही एकत्रित नफा घेतो, आणि बातमीत तसं लिहितोही.

टक्का आणि अंक

नफ्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेलं तर ती ‘तीन टक्के वाढ’ नव्हे. ती तीन टक्केबिंदूंची वाढ आहे. टक्क्यांतच सांगायची तर पंचवीस टक्के. ‘टक्केबिंदू’ हा शब्द वाचकाला अडतो, म्हणून मी सरळ दोन्ही आकडे लिहायला लावते : १२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर. वाद संपतो.

६ जून २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) ६ टक्क्यांवरून ५.५० टक्क्यांवर आणला, म्हणजे पन्नास बेसिस पॉइंटची कपात. आमच्या एका मुलीने पहिल्या मसुद्यात ‘५० टक्के कपात’ लिहिलं होतं. सुदैवाने ते डेस्कवरच पकडलं गेलं. शंभर बेसिस पॉइंट म्हणजे एक टक्केबिंदू, हे झोपेतही सांगता यायला हवं.

सेन्सेक्सच्या अंकांचंही तेच. हर्षद मेहताचा शेअर घोटाळा फुटल्यानंतर २८ एप्रिल १९९२ला सेन्सेक्स ५७० अंकांनी पडला होता, तेव्हा ती घसरण बारा टक्क्यांहून जास्त होती. सेन्सेक्स ८० हजारांवर असताना तेवढेच अंक म्हणजे पाऊण टक्काही नाही. मथळ्यात अंक द्या हवे तर, पण पहिल्या वाक्यात टक्केवारी हवीच. ‘गुंतवणूकदारांचे अमुक लाख कोटी पाण्यात’ हा मथळा तर मी माझ्या पाळीत जाऊ देत नाही. शेअर विकलाच नाही त्याचे पैसे कुठेही गेलेले नसतात, आणि त्या मथळ्याने घाबरून विकतो तो छोटा माणूसच.

शेअर एका दिवसात निम्म्यावर आलेला दिसला तर आधी बोनस किंवा विभाजनाची तारीख तपासा. रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट, दिला तेव्हा भाव निम्म्यावर दिसणारच होता. ती घसरण नव्हती.

पत्रक आणि चॅटबॉट

कंपनीचं प्रसिद्धिपत्रक ही बातमी नाही. पत्रकात ‘विक्रमी उत्पन्न’ असतं आणि त्याच दिवशीच्या निकालात नफा घटलेला असतो. पत्रक बाजूला ठेवा, बाजाराला दिलेला मूळ कागद उघडा.

अलीकडे दुसराच प्रकार सुरू झाला आहे. दोनशे पानी वार्षिक अहवाल चॅटबॉटला द्यायचा आणि त्याने काढलेला सारांश बातमीत उतरवायचा. मागच्या उन्हाळ्यात असा एक सारांश माझ्यापुढे आला, त्यातला कर्जाचा आकडा अहवालात कुठेच नव्हता. मला यंत्राचा राग नाही. राग येतो तो अठराव्या-विसाव्या वर्षी शिकायला येऊन वाचायचंच टाळण्याचा. लेखापरीक्षकाचा अभिप्राय, संबंधित पक्षांशी (मालक, त्यांचे नातलग, त्यांच्या इतर कंपन्या) झालेले व्यवहार, आकस्मिक दायित्वं (पुढे कदाचित भरावी लागतील अशी देणी), या तीन जागा स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय अहवाल वाचला असं म्हणू नका. बातम्या तिथेच लपलेल्या असतात.

शिष्यवृत्तीचा अर्ज : कागद आधी, निबंध नंतर

ही माझी दुसरी दुखरी जागा.

मुलं महिनाभर निबंध घासतात आणि कागदपत्रं शेवटच्या दोन दिवसांवर ठेवतात. सोलापूरची एक मुलगी होती, वडिलांचं शिवणकामाचं दुकान. अशी नजर असलेली इंटर्न मी दोन-तीनच पाहिल्या. दुसऱ्याच आठवड्यात तिने एका सहकारी पतसंस्थेच्या ताळेबंदातली विसंगती शोधून काढली होती. एका खासगी न्यासाच्या शिष्यवृत्तीसाठी तिची निवड झाली. त्या पैशांवर तिचं मुंबईतलं राहणं अवलंबून होतं.

मग एकेक सुरू झालं. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, आणि बँकेत खातं वडिलांसोबतचं संयुक्त. न्यासाला हवं होतं फक्त तिच्या एकटीच्या नावाचं खातं. कॉलेजचं बोनाफाइड मागायला गेली तर मे महिन्याची सुट्टी, कार्यालय आठवड्यातून दोनच दिवस उघडं आणि सही करणारे रजेवर. उत्पन्नाचा दाखला जुन्या वर्षाचा. सगळं जुळेपर्यंत मुदत उलटून गेली. आम्ही न्यासाला पत्र लिहिलं, फोन केले. नियम नियमच राहिला. चौथ्या आठवड्याच्या शेवटी ती सोलापूरला परत गेली. निरोप द्यायला मी दादरला गाडीपर्यंत गेले होते.

तेव्हापासून मी भेटेल त्या विद्यार्थ्याला एकच सांगते : जानेवारीत फाइल करा. चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, बोनाफाइडच्या तीन प्रती, फक्त स्वतःच्या नावाचं बचत खातं, रद्द केलेला चेक. सगळ्या कागदांवरचं नाव एकाखाली एक लिहून अक्षर न् अक्षर जुळवा. फरक असेल तर कोणतं प्रतिज्ञापत्र चालेल ते देणाऱ्या संस्थेला आधीच लेखी विचारा. परीक्षेचं वेळापत्रकही त्याच फाइलमध्ये ठेवा. सत्र परीक्षा मेपर्यंत लांबली आणि इंटर्नशिप अर्धवट सुटली, असं दरवर्षी एकाचं तरी होतं.

मुदतीचं आणखी एक. उन्हाळी म्हणजे उन्हाळ्यात अर्ज करायचा, असं मुलांना वाटतं. न्यू जर्सीत शिकणाऱ्या माझ्या मावसभावाच्या मुलीने मार्चमध्ये फोन करून ‘डाऊ जोन्स न्यूज फंड’बद्दल विचारलं. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचा उपक्रम अमेरिकेत शिकणाऱ्यांना उन्हाळ्यात वृत्तसंस्थांत आणि वर्तमानपत्रांत पाठवतो. त्यात अर्थवार्तांकनाची वेगळी शाखा आहे, आणि इंटर्नशिप संपवून पुन्हा शिक्षणाला परतणाऱ्यांना शिष्यवृत्ती असते. पण त्याचे अर्ज आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत घेतात आणि चाचणीही असते. मार्चमध्ये तिथे काहीच उरत नाही. आपल्याकडेही चांगल्या जागा जानेवारी-फेब्रुवारीत भरतात.

निबंधाबद्दल थोडंच. ‘भारत ही वेगाने वाढणारी अर्थव्यवस्था आहे’ या वाक्याने सुरू होणारे निबंध मी पहिल्या परिच्छेदानंतर बाजूला ठेवते. मला लक्षात राहिला तो निफाडच्या मुलाचा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यातीवर बंदी घातली आणि मे २०२४ मध्ये उठवली. मधल्या काळात त्याच्या घरच्या कांद्याला लासलगावला कोणत्या आठवड्यात काय भाव मिळाला, हे त्याने पावत्यांसह लिहिलं होतं. दीड पानाचा निबंध, एकही मोठा शब्द नाही. त्याला लगेच बोलावलं.

कात्रणं पाठवताना तारीख आणि दुवा द्या. दहा नकोत, तीन पुरेत. संपादकाचं नाव चुकवू नका.

शेअर असतील तर सांगा

शेअर ठेवायचं डीमॅट खातं उघडलेलं असणं हा गुन्हा नाही. पण ज्या कंपनीची बातमी करता तिचा शेअर तुमच्याकडे किंवा घरच्यांकडे असेल, तर पहिल्याच दिवशी प्रमुखाला लेखी कळवा. बातमी बाहेर पडण्याआधी तिच्या जोरावर खरेदी-विक्री करू नका, मित्राला ‘फक्त तुला सांगतोय’ म्हणूनही सांगू नका. किंमतीवर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती वापरणं सेबीच्या २०१५च्या नियमांत बसत नाही, आणि इंटर्न होतो म्हणून सुटका होत नाही. पत्रकार परिषदेत भेटवस्तूची पिशवी हातात दिली तर ती टेबलावर ठेवून या. आयोजक आग्रह करतात, सोबतचे जुने पत्रकार घेतात, तुम्हाला संकोच वाटेल. तरीही ठेवून या, आणि ऑफिसला पोचल्यावर मला येऊन सांगा.