'चाचा' म्हणजे नक्की कोण?

जर्मनीत शिकायला आलेल्या मुली अधूनमधून विचारतात, "ताई, आश्रय मागणाऱ्यांच्या मुलाखतीत हिंदी-उर्दू दुभाष्याचं काम मिळेल का?" मिळतं. पण आपण खोलीतून बाहेर पडल्यावर पुढे काय होतं ते आधी समजून घ्या. कारण मागे उरतो तो फक्त कागद.

इथे हे अर्ज 'बाम्फ' हे केंद्रीय कार्यालय बघतं, मुख्यालय न्यूर्नबर्गला. निकाल लिहिणारा अधिकारी मुलाखत घेणाराच असेल असं नाही. कधीकधी त्याने अर्जदाराचा चेहराही पाहिलेला नसतो. त्याच्यासमोर असतो जबाब आणि अर्जदाराच्या देशाबद्दलचे अहवाल. सांगितलेल्यात बारकावे आहेत का, तिसऱ्या पानावरचं नवव्या पानाशी जुळतं का, हे तो बघतो. मग क्रमाने तपासतो: राज्यघटनेच्या कलम 16अ खाली आश्रय, 1951 च्या जिनिव्हा करारातला निर्वासित दर्जा, तो नाही तर मृत्युदंड, छळ किंवा युद्धाचा धोका असल्यास दुय्यम संरक्षण, आणि शेवटी, गंभीर आजारासारख्या कारणाने परत पाठवायला मनाई. निव्वळ गरिबीवर निर्वासित दर्जा मिळत नाही. भारतीय अर्जदार बहुतेक अडतो तो आणखी एका प्रश्नावर: देशातच दुसरीकडे सुरक्षित राहता आलं नसतं का? पंजाबातल्या माणसाला "मुंबईला का नाही गेलात?" असं विचारताना माझीच जीभ जड व्हायची.

आता माझी चूक. एकजण म्हणाला, "चाचाने मला लपवलं." मी सरळ जर्मनमध्ये 'ओंकेल', म्हणजे काका, म्हणून मोकळी झाले. मुलाखत संपल्यावर सगळा जबाब त्याच्या भाषेत परत वाचून दाखवायचा असतो, मग तो सही करतो. तोवर सगळे दमलेले, तो नुसती मान हलवत होता. तिसऱ्या पानावर 'वडिलांना भाऊ नाही', नवव्यावर काका! मी थांबले, विचारलं. चाचा म्हणजे शेजारचा म्हातारा दुकानदार. अधिकाऱ्याने दुरुस्ती लिहून घेतली. ती चूक तशीच राहिली असती तर अर्जदार खोटारडा ठरायला तेवढं पुरलं असतं. 'कल' आणि 'परसों'चंही तेच. दिवस मागचा की पुढचा, विचारून घ्या. आपला 'परवा' काही वेगळा नाही म्हणा.

निकाल टपालाने येतो, बऱ्याचदा महिन्यांनी, पिवळ्या पाकिटात. मी काम करत होते तेव्हा साधा नकार असेल तर कोर्टात जायला दोन आठवडे मिळायचे, 'उघडउघड निराधार' म्हटलं असेल तर एकच. मुदत मोजायची पाकिटावर पोस्टमनने लिहिलेल्या तारखेपासून. वकील नसेल तर निकालाची मूळ ओळ आणि दाद कुठे मागायची एवढं त्याच्या भाषेत देतात, कारणमीमांसा मात्र पानंच्या पानं जर्मनमध्ये. म्हणून कधी स्टेशनवर कुणी ओळखून पत्र पुढे करतो, "दीदी, क्या लिखा है?" सल्ला देणं आपलं काम नाही. तारीख मोठ्याने वाचून दाखवायची आणि समुपदेशन केंद्राचा पत्ता द्यायचा, आजच जा म्हणून.