स्टोनफिश म्हणून लिहिलेला मासा

अंदमानातल्या हॅवलॉक (आता स्वराज द्वीप) बेटावर डाइव्हमास्टरचं, म्हणजे स्कूबा डायव्हिंगमधल्या मार्गदर्शकाचं, शिकत होतो तेव्हाची गोष्ट. डिक्सन्स पिनॅकल या डाइव्हच्या जागी १८ मीटर खोलीवर एका ओबडधोबड दगडाला डोळा दिसला. मी पाण्याखाली लिहायच्या पाटीवर ‘स्टोनफिश’ (दगडासारखा दिसणारा विषारी मासा) लिहून मोकळा झालो. तेवढ्यात जोडीदाराचा फिन (पायातला पोहण्याचा पंखा) जवळून गेला, मासा हातभर सरकला आणि छातीच्या पंखाची आतली बाजू चमकली: नारिंगी-पिवळी, काळ्या ठिपक्यांची. तो स्टोनफिश नव्हता. स्कॉर्पीनॉप्सिस डायबोलस होता, ज्याला डायव्हर ‘फॉल्स स्टोनफिश’ म्हणतात.

नव्याने शिकणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: रंगावर जाऊ नका. हे मासे आजूबाजूच्या दगडांत मिसळून जातात, शिवाय खोलवर लाल रंग उरतच नाही. टॉर्च मारला की काळपट मासा लालभडक निघतो. चेहरा बाजूने बघा. खऱ्या स्टोनफिशचं तोंड जवळजवळ उभं, वरच्या बाजूला उघडणारं. डोळे बारीक, डोक्याच्या माथ्यावर. अंगावर खवले नाहीत, नुसत्या गाठी. डायबोलसचं तोंड तिरकं, डोळे बाजूला आणि पाठीला कुबड.

पंखाचा तो रंग बघायला मिळावा म्हणून माशाला डिवचणारे मी पाहिलेत. कृपा करून हे करू नका. दोघांच्याही काट्यांत विष असतं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात (४५ अंश सेल्सिअसच्या वर नाही) अर्धा ते दीड तास तो भाग बुडवायचा आणि थेट दवाखाना गाठायचा.

खरी कसोटी डायबोलसच्याच स्कॉर्पीनॉप्सिस कुळातल्या ऑक्सिसेफाला आणि व्हेनोसा या दोन जातींची. दोघांनाही झालरी, दोघंही ठिपकेदार. ऑक्सिसेफालाचं मुस्कट लांब आणि हनुवटीखाली दाढीसारखी दाट झालर. व्हेनोसाचं मुस्कट आखूड; डोळ्यावर बऱ्याचदा लांब तुरा असतो, पण तो प्रत्येकाला नसतो, म्हणून एकट्या तुऱ्यावर नाव ठरवू नये. शंका राहिली तर फोटोत छातीच्या पंखाचे किरण (पंखाला आधार देणाऱ्या काड्या) मोजतो: ऑक्सिसेफालाला साधारण १९-२०, व्हेनोसाला १७च्या आसपास. त्यासाठी एक फोटो अगदी बाजूने, एक वरून आणि एक पंखाचा जवळून लागतो. ब्युयन्सी (पाण्यात वर-खाली न होता तरंगत राहणं) हातात नसेल तर कॅमेरा बोटीवरच ठेवा. खाली टेकायला जाल तिथेच दुसरा मासा बसलेला असू शकतो.

एवढं करूनही नाव ठरत नाही तेव्हा मी लॉगबुकात ‘स्कॉर्पीनॉप्सिस, जात अनिश्चित’ असं लिहितो आणि फोटोचा नंबर शेजारी टाकतो.