सरकार आपल्यावर पाळत ठेवतंय असं वाटतंय? आधी या चुका टाळा

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज दर एक-दोन वर्षांनी हमखास उगवतो. तीन निळ्या टिक दिसल्या तर तुमचा मेसेज सरकारने वाचला, तीन लाल दिसल्या तर कोर्टाचं समन्स निघालं. कुणीतरी काका तो पुढे ढकलतात, दोघं-तिघं हात जोडतात आणि सेक्रेटरी ‘ग्रुपवर राजकीय काही टाकू नका’ असं बजावतात. व्हॉट्सॲपमध्ये तिसरी टिक मुळातच नाही. केंद्र सरकारच्या पीआयबी या माहिती विभागाच्या फॅक्ट चेकने हा मेसेज खोटा असल्याचं केव्हाच सांगितलंय.

त्याच्या मुळाशी असलेली समजूत मात्र टिकून आहे: पाळत असली की ती कुठेतरी दिसणारच.

खुणा शोधत बसणं

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकारला कुणाचाही इंटरनेट व्यवहार तपासता येतो. आदेश काढतात ते केंद्राचे किंवा राज्याचे गृहसचिव. मुदत ६० दिवस, वाढवत नेली तर १८०. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने असा तपास करू शकणाऱ्या १० यंत्रणांची यादीच जाहीर केली. आधी न्यायालयाची परवानगी लागत नाही, नंतर आढावा घेते ती सचिवांचीच समिती, आणि ज्याच्यावर नजर आहे त्याला कधीच कळवलं जात नाही. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्यानंतरही ही पद्धत बदललेली नाही. तेव्हा शंका घेणाऱ्याला वेड्यात काढायचं काही कारण नाही.

फक्त ती शंका स्क्रीनकडे बघून फिटणार नाही. पेगासस या फोनमध्ये घुसून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले. ५ फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगाससच होतं असं छातीठोकपणे सांगता आलं नाही. सरकारने सहकार्य केलं नाही, हेही समितीने नोंदवलं. तज्ज्ञांची ही गत, तर बॅटरी लवकर उतरते म्हणून ‘फोन टॅप होतोय’ हा निष्कर्ष आपण कशाच्या जोरावर काढतो? बॅटरी जुनी झाली असेल हो.

जे दिसतं त्याचा भलता अर्थ लावणं

एखादी साइट उघडतच नाही आणि ‘सक्षम प्राधिकरणाच्या आदेशाने बंद’ अशा अर्थाची पाटी येते. ही बंदी आहे, पाळत नव्हे. अशा बंदीसाठी कलम ६९अ वेगळं आहे. तीच साइट घरच्या ब्रॉडबँडवर आणि मोबाईल डेटावर उघडून बघा. एकीकडे चालली आणि दुसरीकडे नाही, तर अडथळा त्या कंपनीच्या पातळीवर आहे.

प्रत्येक साइट ‘तुम्ही रोबो नाही ना’ विचारत ट्रॅफिक सिग्नलची चित्रं निवडायला लावते? कळवा-डोंबिवलीकडे केबलवाल्याचं इंटरनेट घेतलेल्यांना हा जाच नेहमीचा. कंपनीकडे पत्ते कमी असतात, म्हणून अनेक ग्राहक एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच ओळख-क्रमांकावरून, बाहेर पडतात. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एखाद्याच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस असला तरी संशय सगळ्यांवर येतो. ‘दिल्लीहून लॉगिन झालं’ हा इशाराही बऱ्याचदा याच जातीचा असतो, कारण आयपीवरून शहर ओळखण्याची पद्धत ढोबळ आहे. त्यात डिव्हाइस आणि वेळ तुमचीच असेल तर घाबरू नका. नसेल तर पासवर्ड बदला, दुहेरी पडताळणी सुरू करा.

जाहिराती पाठलाग करतात त्या धंद्यासाठी. अँड्रॉइडमध्ये गुगलच्या सेटिंगमध्ये जाऊन जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातदारांना तुमचा फोन ओळखू देणारा क्रमांक, डिलीट करता येतो. दोन मिनिटांचं काम आहे.

ऑफिसचा लॅपटॉप विसरणं

ऐरोली, महापे, घणसोलीत हजारो लोक कंपनीच्या लॅपटॉपवर बँक, डॉक्टर, नोकरीचा शोध, सगळं उरकतात आणि धास्ती मात्र दिल्लीची घेतात. क्रोमच्या मेनूत सगळ्यात खाली ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ असं दिसलं, तर ब्राउझरची सूत्रं कंपनीच्या हाती आहेत. पत्त्याजवळच्या चिन्हावर क्लिक करून साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र कुणी दिलंय ते बघा. तिथे तुमच्या कंपनीचं किंवा तिच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं नाव असेल, तर एचटीटीपीएस (मजकूर कुलूपबंद करून नेणारी सोय) असूनही मजकूर मध्येच उघडला जातो. घरच्या साध्या कनेक्शनवर तसं नसतं: इंटरनेट कंपनीला साइटचं नाव कळतं, आत काय वाचलं ते नाही. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो मोडचा इथे काही उपयोग नाही. तो घरातल्यांपासून हिस्ट्री लपवतो, बस्स.

फुकटच्या व्हीपीएनवर भिस्त

व्हीपीएन म्हणजे तुमचा इंटरनेट व्यवहार दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवून नेणारी सेवा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, आयपी ५ वर्षं जपून ठेवायचं आहे. काही परदेशी कंपन्यांनी त्यामुळे भारतातले सर्व्हरच हलवले. फुकट ॲप घेतलं की इंटरनेट कंपनीला दिसत होतं ते एका अनोळखी कंपनीला दिसू लागतं, एवढाच फरक.

चव्हाट्यावर लिहून खासगी समजणं

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. एकीने बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिलं होतं, दुसरीने ते फक्त लाइक केलं होतं. कुठली गुप्त यंत्रणा लागली नाही, एका स्थानिकाची तक्रार पुरली. त्या प्रकरणानंतर याचिका झाली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिण्याला गुन्हा ठरवणारं कलम, रद्द केलं. सोसायटीच्या ग्रुपवरचा स्क्रीनशॉट आजही तितक्याच सहज बाहेर जातो. त्याला व्हॉट्सॲपचं एन्क्रिप्शन, म्हणजे मेसेज वाटेत कुणाला वाचता न येणं, काय करणार?

भीतीपोटी पैसे देणं

हे सगळ्यात महागात पडतं. ब्राउझर अचानक पूर्ण स्क्रीन व्यापतो, अशोकस्तंभ झळकतो, ‘गृह मंत्रालयाने तुमचा कॉम्प्युटर लॉक केला आहे, दंड भरा’ असं येतं. ते साधं वेबपेज असतं. एस्केप किंवा एफ-११ दाबा. हललं नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना जुने टॅब परत आणू नका, आणि साइट्सना दिलेल्या नोटिफिकेशनच्या परवानग्या तपासा. अनोळखी साइटला एकदा ‘अलाऊ’ दिलेलं असतं, इशारे तिथूनच येत राहतात.

व्हिडिओ कॉलवरचा गणवेशातला ‘सीबीआय अधिकारी’ याच भीतीवर जगतो. तुमच्यावर पाळत होती, आता खोलीबाहेर पडू नका, म्हणतो. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा प्रकार कोणत्याही कायद्यात नाही. फोन ठेवा, घरातल्या कुणाला तरी लगेच सांगा. ई-चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली एपीके, म्हणजे ॲप बसवणारी, फाइलही उघडू नका. दंड खरा असेल तर परिवहनच्या अधिकृत साइटवर गाडीचा नंबर टाकून दिसतो. पैसे गेले असतील तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, कारण ते पुढच्या खात्यात सरकण्याआधीच गोठवता येतात.