गुडघेदुखीसाठी घरी टेन्स मशीन कसे लावावे

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात याला सगळे ‘करंट घेणे’ म्हणतात. दुखऱ्या जागेभोवती चिकट पॅड लावायचे आणि त्यांतून विजेची बारीक स्पंदने कातडीखालच्या नसांपर्यंत पोहोचवायची. हे काम करणारे, मुठीत मावणारे बॅटरीचे टेन्स मशीन आता घरोघरी दिसते. आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे आणि तिला मशीन लावायचे काम माझ्याकडे आहे. करता करता जे हाताला बसले, ते सांगतो.

याने झीज भरून येत नाही, हे आधी मनाशी पक्के करा. मशीन चालू असताना आणि नंतर थोडा वेळ दुखण्याची वर्दी मेंदूकडे कमी पोहोचते, एवढेच. कोपर आपटले की आपण ते आपसूक चोळतो, तसेच हे. स्पर्शाचे जाड तंतू जागे झाले की मज्जारज्जूतच दुखण्याच्या संदेशाची वाट अडते, हा सिद्धांत मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ साली मांडला. त्याच्या आधारे वॉल आणि मेंदूचे शल्यचिकित्सक स्वीट यांनी विजेचे प्रयोग केले, तेही आधी स्वतःच्या चेहऱ्यावरच्या नसेवर. विजेचा उपाय मात्र त्याहून फार जुना. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस गाउटच्या (सांधे सुजून दुखण्याचा आजार) रुग्णाला जिवंत वीजमाशावर पाय ठेवायला सांगे, गुडघ्यापर्यंत बधिरपणा चढेपर्यंत!

आता कोणी लावू नये ते पाहा. पेसमेकर किंवा हृदयात बसवलेले दुसरे विजेचे यंत्र असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय मशीनला हातही लावू नका. फिट येणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी, पायात रक्ताची गाठ झालेल्यांनी आणि त्या जागी कॅन्सर असलेल्यांनीही आधी विचारावे. गळ्याच्या पुढच्या बाजूला, डोळ्यांवर, डोक्यावर, छातीवर किंवा जखमेवर पॅड कधीच नको.

मधुमेह असेल तर आणखी एक तपासणी करा. डोळे मिटायला सांगून गुडघ्याभोवती कधी कापूस, कधी काडीचे टोक टेकवा. काय लागले ते ओळखता येत नसेल, तर तिथे पॅड लावू नका; कातडी भाजली तरी कळणार नाही.

मग गुडघा साबणाने धुऊन कोरडा करा. आमच्याकडे नेमकी इथेच चूक झाली होती. आईने सकाळी तेल चोळले होते, त्यावरच मी पॅड लावले. एक पॅड अर्धा सुटला, सगळा करंट उरलेल्या कडेतून गेला आणि तिला सुईसारखे टोचले. तेव्हापासून तेल आणि बाम मशीननंतरच.

मशीन बंद असतानाच चार पॅड लावा. एका वायरीचे दोन गुडघ्याच्या आतल्या बाजूला, एक वाटीच्या वर नि एक खाली. दुसऱ्या वायरीचे तसेच बाहेरच्या बाजूला. वाटीच्या हाडावर नको. दोन पॅडमध्ये किमान दोन बोटांचे अंतर हवे, आणि पॅडच्या सगळ्या कडा नीट टेकलेल्या हव्यात.

आकडे निवडायचे असतील, तर ८० ते १०० हर्ट्झ (सेकंदाला तितकी स्पंदने) आणि पल्स विड्थ, म्हणजे एका स्पंदनाचा कालावधी, १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास ठेवा. जोर मात्र शून्यापासून हळूहळू वाढवा. इथे स्क्रीनकडे नाही, माणसाच्या चेहऱ्याकडे पाहायचे. मुंग्या ठसठशीत जाणवल्या पाहिजेत, पण दुखता कामा नये. पुष्कळ जण भीतीने जोर इतका कमी ठेवतात की काहीच होत नाही आणि मशीनला नावे ठेवतात. पाच-दहा मिनिटांत सवय होऊन मुंग्या विरतात, तेव्हा आणखी थोडा वाढवा. स्नायू आखडायला लागला किंवा जळजळ झाली, तर कमी करा.

एका वेळी अर्धा तास पुरे. झोपताना, आंघोळीला किंवा गाडी चालवताना मशीन लावू नका.

आणि हा अर्धा तास नुसता टीव्हीसमोर घालवू नका. कोणते उपचार द्यावेत ते सुचवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा झिजेसाठी टेन्स देऊ नये, पुरावा अपुरा आहे, असे म्हटले; व्यायाम मात्र सर्वांना सांगितला. तरीही मी मशीन ठेवले, कारण मुंग्या चालू असताना आई खुर्चीत बसून पाय सरळ करते, दहा मोजते, खाली सोडते, आणि मग घरातल्या घरात फेऱ्या मारते. एरवी ती दुखण्याच्या धास्तीने उठतच नाही. फिजिओने दिलेले व्यायाम याच वेळात बसवा.

झाल्यावर आधी जोर शून्यावर आणा, मशीन बंद करा आणि मगच पॅड कडेला धरून सोलून काढा, वायर ओढून नाही. पॅड त्यांच्या प्लॅस्टिकवर परत चिकटवा. सुकले तर पाण्याचा एक थेंब बोटाने पसरा. तरीही चिकटत नसतील तर नवे आणा. पॅडखालची कातडी थोडी गुलाबी दिसली तरी ती काही वेळात पूर्ववत होते. पुरळ आले तर तिथे पुन्हा लावू नका.

गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला, ताप आला किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर त्या दिवशी मशीन लावू नका. थेट डॉक्टरांकडे जा.