लाईट, फ्यूज, अर्थिंग: वायरमनला फोन करताना या चुका टाळा

मराठीत ‘लाईट गेली’ म्हणजे दिवा विझला असं नाही, वीज गेली. उजेडाचा इंग्रजी शब्द आपण उचलला, त्याला बाई केलं आणि विजेच्या जागी बसवलं. बिलसुद्धा ‘लाईट बिल’, मग त्यात गिझर कितीही का खाईना. यात सुधारण्यासारखं काही नाही. पण काही शब्द असे घसरलेत, की ते ऐकून समोरचा भलतीच वायर सोडवतो.

सगळ्यात घातक वाक्य म्हणजे ‘मशीनला अर्थिंग येतंय’. वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात, तेव्हा घरोघरी हेच म्हणतात. प्रकार नेमका उलटा असतो. मशीनच्या पत्र्यात करंट उतरलेला असतो आणि तो जमिनीत नेणारं अर्थिंगच नसतं, नाहीतर तुटलेलं असतं. राखणदारालाच आपण चोर ठरवलं! आमच्या जुन्या भाड्याच्या घरात ही तक्रार ऐकून एका हौशी शेजाऱ्याने प्लगची जाड पिन, म्हणजे अर्थिंगचीच पिन, काढून टाकायला सांगितलं होतं. शब्दाला धरून बोलायचं तर त्याचं काय चुकलं? अर्थिंगचा त्रास, तर अर्थिंग काढा. तेव्हा ‘पत्र्याचा शॉक बसतोय’ असं सांगा, मेन स्विच बंद करून प्लग काढा आणि वायरमन येईपर्यंत मशीनला हात लावू नका.

‘फ्यूज उडाला’ हे चिनी मातीच्या कटआउटच्या काळातलं. तेव्हा खरंच तार वितळायची. आता एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडते. शब्द जुना राहू दे, पण कशी पडली ते सांगा. वर करताच त्याच क्षणी पडली, तर शॉर्टसर्किटचा संशय. गिझर नि इस्त्री एकदम लावून थोड्या वेळाने पडली, तर बहुधा ओव्हरलोड. आणि ‘टेस्ट’चं छोटं बटण असलेला स्विच, म्हणजे आरसीसीबी, पडत असेल, तर कुठेतरी करंट गळतोय, घरातली आरसीसीबी साधारण 30 मिलिअँपिअरच्या गळतीलाच पडते. तिन्हींना सरसकट ‘शॉर्टसर्किट’ म्हटलं की कुणीतरी जास्त अँपिअरची एमसीबी बसवून मोकळा होतो. मग एमसीबी पडत नाही, भिंतीतली वायर तापते.

बल्ब घेताना ‘जास्त वॅटचा, म्हणजे जास्त उजेडाचा’ हेही आता चालत नाही. वॅट ही वीज खाण्याची गती. उजेड खोक्यावर ल्युमेनमध्ये लिहिलेला असतो. जुन्या 60 वॅटच्या बल्बएवढा, म्हणजे साधारण 800 ल्युमेन उजेड 9 वॅटचा एलईडी देतो. आणि तो ‘झिरोचा बल्ब’! नाव शून्य, खाणं 12 ते 15 वॅट. रात्रीचे 8 तास धरले तर 15 वॅटचे महिन्याला साडेतीन युनिट होतात. आमच्याकडे तो फुकट समजून वर्षानुवर्षं जळला.

एसीचा टन म्हणजे वजन नव्हे, उष्णता खेचण्याचा वेग. भिंतीची काळजी नको.

शेवटची चूक म्हणजे हे वाचून आजीला शिकवायला जाणं. ‘लाईट गेली रे’ म्हणाली तर खिडकीतून बघा, शेजारी लाईट आहे का. शेजारी असेल तर आपल्या बोर्डातली एमसीबी पडली का बघा, नसेल तर वीज कंपनीला फोन लावा.